तात्या विंचूला हसणाऱ्यांचा कैवार

सुशिक्षितांच्या बैठकीत मराठी चित्रपटाचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, मराठी चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही. दुसरी अशी की, ज्या मराठी चित्रपटाला प्रेक्षक मिळतो तो पाहण्याच्या योग्यतेचा नसतो. या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच मुखातून निघतात, आणि त्या एकमेकींना खोडून काढतात हे बोलणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या १९९३ सालच्या चित्रपटाला यांपैकी दुसऱ्या तक्रारीचा प्रसाद गेली तीस वर्षे मिळत आला आहे. हा चित्रपट नकली आहे, अंधश्रद्धा पसरवणारा आहे, गुंडाला मुलांचा लाडका करणारा आहे, आणि इतके असूनही तो लोकप्रिय आहे त्याअर्थी लोकांची अभिरुचीच हीन आहे, असा हा चार कलमांचा खटला आहे. खटल्यात आरोपी म्हणून नाव चित्रपटाचे घातलेले असले, तरी पिंजऱ्यात उभा केला जातो तो हा चित्रपट पुनःपुन्हा पाहणारा खेड्यापाड्यांतील प्रेक्षक. ‘असली चित्रे शहापूर-मुरबाडकडे चालायची,’ हा शेरा तर आमच्या कानांना सवयीचा झाला आहे. त्या ‘कडे’ या दोन अक्षरांत जी तुच्छता भरली आहे, तिचा समाचार घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

ज्या थोड्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथेचे सार सांगणे अवश्य आहे. तात्या विंचू हा एक खुनी गुंड. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो. पुढे पोलीस अधिकारी महेश जाधव याच्या गोळीने तो मरणाच्या दारी येतो, तेव्हा मंत्राच्या बळावर आपला जीव तो जवळच्या एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला गावाकडे राहणाऱ्या लक्ष्या नावाच्या भोळ्या तरुणाच्या हाती येतो. तात्याला आता पुन्हा मनुष्यदेह हवा आहे; पण मंत्राचा नियम असा की, ज्याच्यापाशी त्याने आपले गुपित प्रथम उघड केले त्याच्याच देहात त्याला शिरता येईल. तो माणूस लक्ष्या. मध्यंतरी खून बाहुला करतो आणि संशय लक्ष्यावर येतो. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांची, तात्याची दिलीप प्रभावळकर यांची, आणि बाहुला रामदास पाध्ये यांचा. १९९५ साली हाच चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत गेला. २०१३ साली त्याचा दुसरा भाग त्रिमिती चित्रणासह निघाला. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुलेही आज तात्याचा आवाज काढतात. इतके दिवस टिकणाऱ्या वस्तूला ‘थिल्लर’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ती का टिकली हे सांगणे टीकाकाराचे काम आहे, आणि ते काम कोणी अंगावर घेत नाही.

प्रथम नकलेचे कलम घेऊ. ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटावरून ही कल्पना घेतली आहे, हे उघड आहे. परंतु ज्या मराठी रंगभूमीचा आपण अभिमान बाळगतो तिचा इतिहास थोडा आठवावा. देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचा ऑथेल्लो. त्यांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या प्रहसनावरून इंग्रजीमार्गे मराठीत आले. अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ हेही मोलिएरच्याच कृपणावर उभे आहे. या सर्वांना आपण रूपांतर म्हणतो आणि पाठ्यपुस्तकांत मानाने बसवतो. नाटकाला जो न्याय तो बोलपटाला का नसावा? मूळ कृतीचे ऋण कलावंताने उघड मानावे, हे आम्हांस मान्यच आहे. पण काढलेल्या कर्जातून कोणी घर बांधले की जुगार खेळला, हा प्रश्न त्याहून निराळा आहे.

येथे घर बांधले गेले, असे आमचे मत आहे. अमेरिकन चित्रपटात बाहुला सहा वर्षांच्या एका मुलाच्या हाती पडतो आणि पुढे भयच भय आहे. मराठीत तो आईच्या मायेत वाढलेल्या, वयाने मोठ्या पण मनाने लहान राहिलेल्या माणसाच्या हाती पडतो, आणि भयाच्या मांडीला मांडी लावून हसे येऊन बसते. बोलक्या बाहुल्यांचा खेळही आपल्याकडे अमेरिकेतून कालपरवा आलेला नाही. रामदास पाध्ये यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी ‘अर्धवटराव’ या बाहुल्यास मराठी घराघरांत ओळख मिळवून दिली होती. आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची कल्पना तर परकायाप्रवेश या नावाने आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होती. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका ज्या देशात शतकानुशतके सांगितली गेली, त्या देशातील प्रेक्षकाला ही गोष्ट परकी वाटावी तरी कशी? बी परके असले तरी जमिनीने ते आपले करून घेतले.

दुसरे कलम अंधश्रद्धेचे. याचा विचार आम्ही हलकेपणाने करीत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत. तेथे सर्पदंश झालेल्या माणसास दवाखान्याआधी भगताकडे नेले जाते आणि त्यात मोलाचा वेळ जातो, ही गोष्ट त्या भागात काम करणारे डॉक्टर आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाल्यानंतर. तेव्हा मंत्रातंत्राची गोष्ट थट्टेवारी न्यावी काय, असा प्रश्न कोणी प्रामाणिकपणे विचारील तर त्याला उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे. मंत्राची सत्ता त्याच्या शब्दांत नसते. ती ऐकणाऱ्याच्या भीतीत असते. जो मंत्र शाळेतून घरी येणारी पोरे एकमेकांच्या अंगावर फेकून हसतात, त्या मंत्राची भीती किती उरली? ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरपट्टीत बोहाड्याची चाल आहे. संबळ आणि सनईच्या तालावर रात्रभर देवांची व राक्षसांची सोंगे नाचत येतात. राक्षसाचा मुखवटा अक्राळविक्राळ असतो. आईच्या कडेवरचे मूल प्रथम किंचाळते, मग पदराआडून पाहते, आणि रात्र सरता सरता त्याच राक्षसाच्या मागे धावते. ही जुनी आणि शहाणी शाळा आहे. भयाला नाचायला लावले की त्याचा धाक जातो, हे तेथील लोकांना कोणी व्याख्यान देऊन शिकवलेले नाही. तात्या विंचू हे याच जातीचे सोंग आहे, आणि म्हणूनच बोहाडा पाहत वाढलेल्या प्रेक्षकाने त्याला पहिल्याच भेटीत ओळखले. भगताकडे जाणारी पावले या चित्रपटाने थांबवली, असा दावा आम्ही करीत नाही. ती थांबवायची तर पाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर दवाखाना हवा, त्या दवाखान्यात डॉक्टर हवा आणि सर्पदंशावरील लस हवी. या तीन गोष्टींविषयी जो कधी अवाक्षर काढीत नाही त्याने एका बाहुल्यावर अंधश्रद्धेचा ठपका ठेवावा, हे आम्हांस फार सोयीस्कर वाटते.

तिसरे कलम सर्वांत गंभीर. चित्रपटाने गुंडाला लाडका केला, असे म्हणतात. या आरोपाचा विचार करताना साल ध्यानात ठेवले पाहिजे. १९९३ च्या १२ मार्चला मुंबईत बाँबस्फोटांची मालिका झाली. टोळ्यांची दहशत, खंडणी, भररस्त्यातील खून हे त्या काळी रोजच्या वर्तमानपत्राचे पान होते. मुंबईपासून कल्याणमार्गे दोन-तीन तासांवर असलेल्या गावांना ही हवा लागत नव्हती असे नाही. अशा वर्षी एका मराठी चित्रपटाने टोळीच्या नायकाला गुडघ्याएवढा केला, त्याच्या अंगात लाकूड आणि चिंध्या भरल्या, आणि एका भोळसट माणसाच्या मागे त्याला देहाची भीक मागत धावायला लावले. यात गौरव कोठे आहे? पुढे १९९८ साली ‘सत्या’ आला, १९९९ साली ‘वास्तव’ आला. दोन्ही चित्रपट कसबी आहेत, हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यांतील गुंडाच्या मरणाने प्रेक्षकाचा गळा दाटून येतो, त्याच्या चालण्याबोलण्याची ऐट तरुणांच्या अंगी भिनते, आणि भिकू म्हात्रे हे नाव कौतुकाने घेतले जाते. तात्या विंचूची नक्कल करणारी पोरे लाखांनी आहेत. तात्या विंचू व्हावे असे वाटणारा एक तरी कोणी दाखवून द्यावा. नीतीची काळजी वाहणाऱ्यांनी भव्य गुंडाला पुरस्कार दिले आणि हास्यास्पद गुंडावर मात्र दंड उगारला, हा उलटा न्याय आहे.

शिवाय ज्यांना आपण गुंडाचे कौतुक करणारे समजतो, त्या मुलखाची आठवण आपल्याहून लांबची आहे. राघोजी भांगरे यास इंग्रज सरकारने दरोडेखोर ठरवले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. सह्याद्रीच्या डोंगरवस्तीत मात्र तो आजही आपला माणूस आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी वीरमरण आले. सरकारदप्तरी तेही फरारी गुन्हेगारच होते. त्यांच्या स्मरणार्थ लोक दरवर्षी त्या तारखेस सिद्धगडी जमतात. सरकारने गुन्हेगार म्हटले म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही, आणि सरकारने हार घातला म्हणून गुंड सज्जन होत नाही, हा विवेक ज्या मुलखाने एवढी किंमत देऊन मिळवला, त्याला बंडखोर आणि मवाली यांतील फरक आपण दिवाणखान्यात बसून शिकवावा काय?

येथवर बचाव झाला. आता हा चित्रपट का टिकला, याविषयी आमचे म्हणणे मांडतो. आमच्या मते त्याचे मर्म मंत्रात नाही आणि बाहुल्यातही नाही. ते तात्याच्या इच्छेत आहे. तात्याला काय हवे आहे? पैसा नको, सूड हा दुय्यम. त्याला एका भल्या माणसाचा देह हवा आहे. लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतात, आई ज्याला ताटावर वाढते, गाव ज्याला नावाने हाक मारते, अशा माणसाच्या कातड्यात शिरून त्याला पुढचे आयुष्य काढायचे आहे. गुंडाची ही इच्छा शहरातील प्रेक्षकाला गंमत वाटते. शहापूर-मुरबाडच्या प्रेक्षकाला ती ओळखीची वाटते.

या भागातील जमिनीची गोष्ट पाहा. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही याच तालुक्यातून गेला आहे. रस्ता आला की दलाल येतो, दलालामागून धमकी येते, सातबाऱ्यावरील नावे बदलतात, आणि मुंबईकराच्या विश्रांतीसाठी बंगल्यांच्या पाट्या लागतात. काल जो धमकी देऊन गेला तो पुढच्या पावसाळ्यापूर्वी हात जोडून फलकावर उभा राहतो. त्याच्या नावामागे समाजसेवक, नावापुढे भाऊ किंवा दादा लागते. जत्रेच्या कुस्त्यांना त्याचे बक्षीस आणि मंदिराच्या कळसाला त्याची देणगी असते. हाच परकायाप्रवेश. मंत्राशिवाय, भरदिवसा, साक्षीदारांच्या देखत झालेला. आणि त्यात जे बळी गेले त्यांच्यावरच कागदोपत्री संशय येतो: अतिक्रमण करणारा आदिवासी, सरपण तोडणारी कातकरीण. खून बाहुल्याने करावा आणि कोठडीत लक्ष्या जावा, या विनोदाला ज्यांच्या आयुष्यात आधार आहे ते त्याला नुसते हसत नाहीत, ते मान डोलावून हसतात.

पाण्याचेही तेच. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो; भातसा धरणही त्याच शहापूर तालुक्यातील. त्या तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळा आला की टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. ज्याचे घेतले त्यालाच मागासलेला म्हणावे आणि ज्याने घेतले त्याने अभिरुचीचे धडे द्यावे, हे आमच्या सुशिक्षित जगाचे रहाटगाडगे आहे. मुंबईच्या नळाला तोंड लावून शहापूरच्या आवडीनिवडीवर नाक मुरडणाऱ्यांनी या गोष्टीचा क्षणभर विचार करावा, एवढेच आमचे सांगणे.

आमचा हा तर्क एका गावापुरता नाही, हे दाखवण्यासाठी फार दूरचे एक उदाहरण देतो. पोलंड हा देश मराठी माणसास अगदीच अनोळखी नाही. १९४३ ते १९४८ या वर्षांत कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांनी आसरा घेतला होता. त्या पोलंडात यूल्युश माखुल्स्की यांनी १९८१ साली ‘वाबांक’ नावाची एक गुंडांची सुखात्मिका काढली. कथा १९३४ सालच्या वॉर्सातली. क्विंतो नावाचा तिजोऱ्या फोडण्यात पटाईत असलेला माणूस तुरुंगातून सुटून येतो. त्याला दगा देणारा जुना साथीदार क्रामेर आता एका बँकेचा मालक होऊन प्रतिष्ठेने मिरवत असतो. क्विंतो त्याची बँक अशा खुबीने लुटतो की, चोरीचा आळ खुद्द क्रामेरवर येतो. क्विंतोची भूमिका दिग्दर्शकाचे वडील यान माखुल्स्की यांनी केली. याच वर्षी, १३ डिसेंबर १९८१ रोजी, पोलंडात लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जुलै १९८३ पर्यंत राहिला. तो चित्रपट पोलिश घरांत आजही आवडीने पाहिला जातो, आणि त्याचा पुढचा भागही निघाला. पाहा, गोष्ट किती जवळची आहे! तेथेही गुंडाने सभ्य माणसाचे कातडे पांघरले आहे. येथेही त्याला तेच हवे आहे. ज्या समाजाला न्यायालयात दाद मिळत नाही, तो समाज निदान पडद्यावर तरी हे कातडे टरकावलेले पाहू इच्छितो, आणि ते हसत हसत पाहू इच्छितो. पोलिश प्रेक्षकाची ही आवड आपले रसिक कौतुकाने वाखाणतील. मुरबाडच्या प्रेक्षकाची तीच आवड त्यांना हीन वाटते. दोहोंत फरक आहे तो फक्त अंतराचा.

‘झपाटलेला’ निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यातील तरुण स्त्रीपात्रांच्या वाट्याला सजण्यापलीकडे फारसे काही आलेले नाही. गाणी कथेला खोळंबून ठेवतात. काही ठिकाणी विनोद ओढूनताणून आणला आहे. हे दोष दाखवावेत, कठोरपणे दाखवावेत. पण त्यासाठी चित्रपट प्रथम मनापासून पाहिला पाहिजे. दिलीप प्रभावळकरांनीच चिं. वि. जोश्यांचा चिमणराव दूरदर्शनवर उभा केला, त्यांनीच २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’ या दुसऱ्या एका गुंडाच्या सुखात्मिकेत गांधीजी साकारले. या दोन भूमिकांसाठी त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी तिसरीकडे पाठ फिरवावी, याला कलाविचार म्हणता येत नाही. याला पंक्तिप्रपंच म्हणतात.

हसण्याने गुंड नाहीसा होत नाही, हेही आम्ही जाणतो. सातबारा हसून परत मिळत नाही आणि टँकर हसून येत नाही. परंतु ज्याला आपण हसलो त्याच्यापुढे पुन्हा पूर्वीसारखे वाकता येत नाही, हेही तितकेच खरे. पौषी पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा येथे मोठी जत्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. बैल विकत घेणारा शेतकरी त्याच्या शिंगांना लावलेल्या रंगाला भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. माणसाची पारखही तो तशीच करतो. फलकावरील हात जोडलेल्या मूर्तीकडे पाहून त्याचा पोर हळूच तात्याचा आवाज काढतो आणि बाप त्याला दटावण्याऐवजी ओठांत हसतो, तेव्हा तेथे अभिरुचीचा ऱ्हास झालेला नसतो. आत कोण बसला आहे हे त्या दोघांनी ओळखलेले असते. आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून ही ओळख अद्याप दुर्मिळ आहे. आपल्याकडे त्याच गृहस्थाच्या हस्ते बक्षीससमारंभ होतात. तेव्हा शहापूर-मुरबाडच्या प्रेक्षकास सुधारण्याची घाई करू नये. त्याच्यापाशी जे आहे ते आधी आपण शिकून घ्यावे.